मुतखडा घेऊन निघालेला माणूस

पिएर एकेम यांना वयाच्या ६७व्या वर्षापर्यंत मुतखड्याचं दुखणं शिवलं नव्हतं. नैर्ऋत्य फ्रान्समधल्या पेरिगोर प्रांतातले हे जमीनदार, बोर्दो शहराचे एकेकाळचे महापौर, अंगानं काटक. औषधाच्या वाटेला जायचं नाही, ही त्यांच्या घराण्याची तीन पिढ्यांची रीत. मग मूत्राशयात मोठा खडा धरला आणि आयुष्याची शेवटची सात वर्षं त्या खड्यानं खाल्ली. १५६८ साली ते गेले ते याच दुखण्यानं, फार हाल होऊन.

त्यांचा मुलगा हे जवळून पाहत होता. म्हातारपणी जी जी दुखणी येतात त्यांतलं हेच तेवढं आपल्या वाट्याला येऊ नये, असं त्याला फार आधीपासून वाटे, हे त्यानं पुढं लिहून ठेवलं आहे. वडील गेल्यावर दहाएक वर्षांनी, पंचेचाळिशीत, त्याला नेमकं तेच जडलं.

हा मुलगा म्हणजे मिशेल द माँतेन. आपल्याकडे लघुनिबंधाचा इतिहास सांगताना त्याचं नाव पहिल्या पानावर येतं. ३८व्या वर्षी न्यायालयातली नोकरी सोडून तो आपल्या गढीच्या बुरुजात जाऊन बसला, हजारभर पुस्तकं भोवती मांडली, तुळयांवर ग्रीक-लॅटिन वचनं रंगवून घेतली आणि स्वतःविषयी लिहू लागला, एवढं आपल्याला माहीत असतं. त्या लिहिण्यात मूत्रपिंडातल्या खड्याला किती जागा आहे, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं. मला ते महत्त्वाचं वाटतं. वेदना थांबवणारं भरवशाचं औषध जवळ नसताना एका माणसानं कळ कशी सोसली, याची इतकी उघड आणि इतकी बारीक नोंद दुसरी सापडणं कठीण आहे. त्यानं ती सोसली ती दाताखाली जीभ धरून नव्हे. त्यानं ती सांगितली, पुन्हापुन्हा सांगितली, आणि त्या सांगण्यातच त्याला बराचसा उतार मिळाला.

दुखणं सुरू झाल्यावर त्याला पहिला प्रश्न पडला तो वडिलांचा. त्यांना खडा झाला त्याच्या पंचवीसहून अधिक वर्षं आधी मिशेलचा जन्म झालेला. तेव्हा वडील ठणठणीत होते. मग ज्या थेंबापासून आपण घडलो त्या थेंबात हा रोग इतकी वर्षं कुठं दडून होता? आणि इतक्या भावंडांत, एकाच आईच्या पोटी जन्मून, तो आपल्या एकट्याच्याच वाट्याला का यावा? याचं उत्तर देईल त्याच्यावर आपण हव्या तितक्या चमत्कारांबाबत विश्वास ठेवू, असं तो म्हणतो. आनुवंशिकतेचं शास्त्र तीनशे वर्षं दूर होतं. पण प्रश्न अगदी बरोबर होता. मुतखडा काही घराण्यांत चालत येतो, हे आज कुठलाही मूत्ररोगतज्ज्ञ सांगेल.

त्या काळी युरोपात हे दुखणं घरोघरी होतं. १५३७च्या फेब्रुवारीत मार्टिन ल्यूथर श्मालकाल्डन गावी धर्मसुधारकांच्या सभेला गेला असता त्याची लघवी पूर्ण तुंबली. तो मरणार असंच सगळे धरून चालले होते. घरी मरावं म्हणून गाडीत घालून नेताना खडबडीत रस्त्याच्या धक्क्यांनी वाट मोकळी झाली आणि तो वाचला. मायकेलअँजेलोनं १५४९ साली पुतण्याला पत्रं लिहिली त्यांत रोमपासून चाळीस मैलांवरच्या एका झऱ्याचं पाणी पितोय आणि ते खडा फोडतं, असं कळवलं आहे. स्वयंपाकसुद्धा त्याच पाण्यात होई.

शस्त्रक्रिया होती, पण ती मूत्राशयातल्या खड्यावर. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत तिचं सविस्तर वर्णन आहे, आणि सोबत एक इशाराही: औषधांनी साधलं नाही तरच हा शेवटचा उपाय करावा, कारण न केल्यास मृत्यू नक्की आणि केल्यास यशाची खात्री नाही, म्हणून आधी राजाची अनुज्ञा घ्यावी. फ्रान्समध्ये कोलो नावाच्या घराण्यानं खडा काढण्याची आपली पद्धत पिढ्यान्‌पिढ्या गुपित म्हणून जपली. भूल नाही, रुग्णाला बांधून घालायचं आणि हात जितका झपाट्यानं चालेल तितक्या झपाट्यानं काम उरकायचं. माँतेनचा खडा तर बहुतेक वेळा मूत्रपिंडातून खाली उतरणारा. तिथं सुरी पोचतच नव्हती.

ज्यांच्या घरात मुतखड्याचा रुग्ण होऊन गेला आहे त्यांना त्या कळेचं वर्णन करून सांगावं लागत नाही. मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणारी नळी साधारण २५ सेंटिमीटर लांब आणि आतून जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद. खडा मूत्रपिंडात पडून असतो तोवर बहुधा गप्प असतो. या नळीत उतरून तो अडकला, की वरून येणारी लघवी तुंबते, मूत्रपिंडात दाब वाढतो, त्याचं आवरण ताणलं जातं आणि खड्याला पुढं ढकलण्यासाठी नळीचे स्नायू आवळत राहतात. त्यातच शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सोडतं. त्यांच्यामुळे मूत्रपिंडाकडे जास्त रक्त येतं, लघवी आणखी तयार होते, दाब आणखी चढतो. पाठीत बरगड्यांखाली निघालेली कळ पोटातून जांघेत उतरते. माणसाला कुठल्याच कुशीवर चैन पडत नाही. तो उठतो, वाकतो, येरझारा घालतो, ओकतो.

आज असा रुग्ण आला की पहिलं इंजेक्शन बहुधा डायक्लोफेनॅकचं असतं. हा उपाय फार जुना नाही. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी १९७१मध्ये दाखवलं. त्या कामाला १९८२चं नोबेल मिळालं. मग १९७८मध्ये स्वीडनमधल्या दोन डॉक्टरांनी याच जातीचं इंडोमेथॅसिन शिरेतून देऊन मुतखड्याची कळ थांबवता येते हे मांडलं. त्याआधी शंभराहून अधिक वर्षं मदार होती ती मॉर्फिनवर आणि १९३९नंतर पेथिडिनवर, म्हणजे मेंदूला वेदना कमी जाणवेल अशा औषधांवर. नव्या औषधांनी कळेच्या मुळाशी असलेला दाबच उतरवला. माँतेनच्या काळी औषधविक्याकडे अफू होती, पण तिची ताकद दर खेपेला वेगळी आणि मात्रेचा अंदाज चुकला तर झोपेतून उठण्याची शाश्वती नाही.

वैद्य मात्र भरपूर होते, आणि त्यांचे सल्ले एकमेकांच्या विरुद्ध. माँतेननं ते शेजारीशेजारी मांडून दाखवले आहेत. मूत्रल औषधं चांगली, कारण वाट रुंद होऊन खर, म्हणजे खड्याची बारीक रेती, पुढं सरकते; मूत्रल औषधं घातक, कारण वाट रुंद झाली की मोठा खडा खाली येतो आणि अरुंद जागी अडकून जीव घेतो. वरचेवर लघवीला जावं, म्हणजे गाळ साचत नाही. वरचेवर जाऊ नये, कारण जोरानं आलेला लोंढाच गाळ वाहून नेतो. तो वैद्यांवर चिडला आहे, पण माणूस म्हणून त्यांच्याशी त्याचं वैर नव्हतं. शस्त्रवैद्यांबद्दल तर त्याला आदर होता, कारण ते जे करतात ते डोळ्यांनी पाहून, हातानं चाचपून करतात.

आणि तरी त्यानं उपाय करून पाहिले. त्यांतला बोकडाचा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. बोकडाचं रक्त मुतखडा विरघळवतं, अशी त्या काळची पक्की समजूत. माँतेननं घरीच एक बोकड सांगितल्या पद्धतीनं वाढवला: ऐन उन्हाळ्यात, फक्त मूत्रल वनस्पती खायला आणि पांढरी वाइन प्यायला. बोकड कापला त्या दिवशी योगायोगानं तो घरी होता. स्वयंपाक्यानं येऊन सांगितलं, की कोठ्यात दोन-तीन मोठे गोळे लागतायत. त्यानं सगळी आतडी समोर आणवली आणि कोथळा उघडायला लावला. आतून तीन गोळे निघाले, वजनाला हलके, वरून कडक, रंगानं कबरे. एक पुरता वाटोळा, बाकीचे दोन लहान आणि अजून घडत असलेले. खाटकांकडे चौकशी केली तर असं क्वचितच आढळतं म्हणाले. आपल्या आणि या जनावराच्या दुखण्याचं नातं आहे, आणि जो प्राणी स्वतः खड्यानं मरायला टेकला होता त्याच्या रक्तातून आपल्याला बरं वाटण्याची आशा करणं फोल आहे, असा निष्कर्ष त्यानं काढला. कोठ्यातला गोळा आणि मूत्रपिंडातला खडा यांची घडण वेगळी असते हे आज आपल्याला कळतं. तरी उपायावर विसंबण्याआधी तो उघडून पाहण्याची ही सवय त्या काळात दुर्मीळ होती. आपल्याकडे कुळथाचं कढण, गोखरू, पाषाणभेद, पानफुटीची पानं असं बरंच काही अजून घरोघर दिलं जातं. त्यातल्या कशानं खडा पडला आणि कशासोबत प्यालेल्या तांब्याभर पाण्यानं पडला, हे तपासणारं घर क्वचित.

वडील, वैद्य आणि बोकड ज्या निबंधात येतात त्याच निबंधात, ‘एसे’ या त्याच्या निबंधसंग्रहाच्या दुसऱ्या खंडाच्या शेवटी, त्यानं कण्हण्याविषयी जे लिहिलं आहे ते माझ्या मते त्याच्या सगळ्या लिखाणातलं सर्वांत दयाळू पान आहे. स्टोइक तत्त्वज्ञांचा त्याच्या पिढीवर मोठा प्रभाव होता. वेदनेत चेहरा निर्विकार राहिला पाहिजे, तोंडातून हूं की चूं निघता कामा नये, अशी त्यांची शिकवण. माँतेन तरुणपणी तिच्या भारात होता. आता स्वतः कळा सोसल्यावर तो म्हणतो, की चेहऱ्याची काळजी नटांनी करावी. तत्त्वज्ञानानं मन सांभाळावं आणि आवाजाची एवढी मुभा शरीराला द्यावी. कण्हल्यानं बरं वाटत असेल तर कण्हू द्या. लोळल्यानं वाटत असेल तर लोळू द्या. मोठ्यानं ओरडल्यानं दुखणं थोडं बाहेर पडतंय असं वाटत असेल तर ओरडू द्या. बाळंतपणात बायकांना ओरडल्यानं मदत होते, असं काही वैद्य सांगतात, याचीही तो आठवण देतो. स्वतःपुरतं तो सांगतो, की आपण कण्हतो, किंचाळत नाही. ऐन कळेत आपण बोलू शकतो, विचार करू शकतो, पण नेहमीसारखं सलग नाही. कुठलीही फुशारकी न मारता त्यानं ही आपली मोजणी केली आहे.

१५८०च्या वसंतात ‘एसे’चे पहिले दोन खंड बोर्दोला छापून निघाले आणि २२ जूनला तो घोड्यावर बसून घराबाहेर पडला. आधी राजाला, तिसऱ्या हेन्रीला, पुस्तक दिलं. मग ला फेरच्या वेढ्यात मारल्या गेलेल्या एका मित्राचं शव सोबत करून नेलं. आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला खरा प्रवास सुरू झाला. बरोबर धाकटा भाऊ, बहिणीचा नवरा, दोन तरुण सरदार, नोकरमंडळी आणि रोजनिशी लिहिणारा एक सेवक. फ्रान्समध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांचे गळे कापत होते, घरी शेतीचा आणि संसाराचा व्याप होता. बाहेर पडायला कारणं बरीच होती. पण मार्ग आखला गेला तो झऱ्यांवरून. गरम पाण्याच्या झऱ्यांवर त्याचा थोडा विश्वास होता. पाणी साधं आहे, निसर्गातलं आहे, फायदा झाला नाही तरी अपाय करणार नाही. आणि तिथं जमणाऱ्या माणसांत मिसळण्याइतका उल्हास जो बरोबर नेत नाही तो झऱ्याच्या गुणाचा मोठा भाग गमावतो, असंही त्याचं मत होतं.

झऱ्यांवरचा पहिला मुक्काम लोरेनमधलं प्लोंबिएर. तिथं तो अकरा सकाळी पाणी प्यायला, आठ दिवस नऊ-नऊ पेले आणि तीन दिवस सात-सात, आणि पाच वेळा आंघोळ केली. सेवकानं हे आकडे लिहून ठेवले आहेत. पाण्यानं काही खर आणि बारीक खडे पडले. निघताना मालकिणीच्या आग्रहावरून त्यानं आपलं कुलचिन्ह लाकडावर रंगवून घेऊन त्या घराला दिलं. पुढं स्वित्झर्लंडमधल्या बाडेनला लोक कुंडात बसून अंगावर तुंबड्या लावून घेत आणि इतकं रक्त काढत, की कधीकधी सार्वजनिक कुंडातलं सगळं पाणी लाल दिसे. माँतेन तिथंही पाणीच प्यायला.

ऑक्टोबरात ही मंडळी म्युनिकवरून गेली. मुक्काम थोडा होता, आणि दैनंदिनीत त्या शहराविषयी फारसं नाहीही. पण चारशे वर्षांनी मुतखड्याच्या इतिहासातली एक मोठी गोष्ट तिथंच घडायची होती. डॉर्निअर ही विमानं बनवणारी कंपनी. ध्वनीहून वेगानं जाणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळले की धातूच्या आत आघातलहरी पसरतात, याचा अभ्यास तिथले अभियंते करत होते. अशा लहरी पाण्यातून आणि मऊ मांसातून निघून जातात आणि कठीण वस्तूवर आपली ताकद सोडतात. त्या एका बिंदूवर एकवटल्या तर शरीर न कापता खडा फोडता येईल, या विचारातून म्युनिकच्या डॉक्टरांबरोबर यंत्र तयार झालं आणि ७ फेब्रुवारी १९८० रोजी ख्रिस्तियान शॉसी आणि सहकाऱ्यांनी पहिल्या रुग्णावर ते वापरलं. रुग्णाला पाण्यानं भरलेल्या टबमध्ये ठेवावं लागे, कारण लहरी शरीरात नेण्याचं काम ते पाणी करत होतं. काही वर्षांत हे तंत्र जगभर गेलं. आज आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणीही खडा फोडण्याची यंत्रं दिसतात, आणि आता टबही लागत नाही.

आल्प्स ओलांडून माँतेन इटलीत उतरला. व्हेनिसला, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, वेरोनिका फ्रांको या कवयित्रीनं आपल्या पत्रांचं पुस्तक त्याला भेट पाठवलं. दुसऱ्याच दिवशी जेवणानंतर त्याला कळ आली. ती दोन-तीन तास टिकली आणि रात्रीच्या जेवणाआधी एकामागून एक दोन मोठे खडे पडले. सेवकानं नोंदवताना म्हटलं आहे, की त्याच्याकडे पाहून तरी ती फार तीव्र वाटली नाही. या वाक्यापाशी मी दर वेळी थांबतो. मोठे दोन खडे पडताना कळ सौम्य असणं कठीण. लिहिणारा समोर बसला होता आणि त्याला ती दिसली नाही. दुसऱ्याचं दुखणं पाहून मापायचं, ही गोष्ट रुग्णालयात आजही रोज घडते. शांत पडलेल्या माणसाला औषध उशिरा मिळतं.

रोमला तो नोव्हेंबर अखेरीस पोचला आणि पाच महिने राहिला. पोपची भेट झाली, रोमचं नागरिकत्व मिळालं, चर्चच्या तपासनिसांनी ‘एसे’ चाळून काही आक्षेप घेतले. मधल्या काळात व्हेनिसचं टर्पेंटाइन मुतखड्यावर घेऊन झालं. लघवीला व्हायोलेट फुलांचा वास येऊ लागला, याखेरीज काही फरक जाणवला नाही, असं त्यानं लिहिलं आहे. सेवक कामावरून गेला होता. इथून पुढची दैनंदिनी माँतेनच्या स्वतःच्या हातची आहे.

मे १५८१मध्ये तो लुक्काजवळच्या डोंगरांतल्या ला व्हिला या झऱ्यांच्या गावी आला. खोल्या निवडायला आधी गावभर हिंडला. मिळालेल्या जागेतून दरी दिसे आणि रात्री लिमा नदीचा खळखळाट ऐकू येई. कुणीतरी आधी पोट साफ करायचा सल्ला दिला म्हणून बहाव्याच्या शेंगेचा गर घेतला. वैशाखात आपल्याकडे पिवळ्या झुंबरांनी लगडतो तोच हा बहावा. त्याचा गर पूर्वेकडून व्यापाऱ्यांमार्फत युरोपातल्या औषधविक्यांच्या दुकानांत पोचत असे. पहिल्या दिवशी पाण्याचे सात पेले, साडेतीन पौंड. मग किती प्यालो, किती गेलं, किती वेळानं, रंग कसा, खर किती, सगळं लिहायचं. लघवी मोजत बसणं हा मूर्खपणा आहे असं एकदा लिहूनही त्यानं मोजणं सोडलं नाही. त्याला पाण्याच्या घटकांतलं फारसं माहीत नव्हतं. पण दिवसाला इतकं पाणी पोटात गेल्यावर लघवी पातळ होते आणि खडे धरायला साचावं लागणारं मीठ विरळ राहतं. खडा एकदा झालेल्या माणसाला आजचे डॉक्टर रोज अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायला सांगतात. झऱ्यांच्या गुणातला खरा भाग बहुधा एवढाच होता, आणि तो छोटा नव्हता.

त्या दिवसांतलं त्याचं जगणं मात्र रुग्णासारखं नव्हतं. त्यानं गावच्या पोरींसाठी नाचाचा समारंभ ठेवला, लुक्काहून बक्षिसं मागवली: कमरपट्टे, टाफेटाचे एप्रन, सपाता, गळ्यातल्या माळा. दिविझिया नावाची सदतीस वर्षांची एक गरीब शेतकरीण तिथं भेटली. गळ्याला गलगंड, अक्षरओळख नाही. पण घरी काका आरिओस्तो या कवीचं काव्य वाचत ते ऐकून ऐकून तिला कविता येऊ लागली होती. तिनं त्याच्यासमोर झटपट रचून दाखवली, त्यानं तिला जेवायला आपल्या पंक्तीला बसवलं. वैद्यांची एक सभाही झाली. एका कार्डिनलच्या पुतण्याच्या दुखण्यावर त्यांच्यात मतभेद होता, आणि पुतण्याच्या सांगण्यावरून त्यांनी माँतेनलाच निवाडा करायला बसवलं. वैद्यकावर ज्याचा काडीचा विश्वास नाही, त्याच्यापुढे.

ऑगस्टमध्ये दुसऱ्या फेरीला तो ला व्हिलाला परत आला तेव्हा प्रकृती बिघडली होती. कमरेत दुखत होतं, दात ठणकत होता, झोप नव्हती. आता तो इटालियनमधून लिहीत होता. २४ ऑगस्टला सकाळी एक खडा खाली उतरला आणि मूत्रमार्गात अडकला. माँतेननं जेवणाच्या वेळेपर्यंत लघवी अडवून धरली, की जोर साठावा. मग तो खडा बाहेर पडला. आधी रक्त, नंतर रक्त. आकारानं चिलगोज्याएवढा लांब, एका टोकाला घेवड्याच्या दाण्याएवढा जाड. इतका मोठा त्याच्या अंगातून आधी कधीच पडला नव्हता.

त्या दिवसाच्या नोंदीत सुटकेचा आनंद आहे, पण त्याखाली जे लिहिलंय ते अधिक महत्त्वाचं. असं मरण कोणत्याही तासाला येऊ शकतं हे दिसत असताना, ते आलं की सहजपणे सामोरं जाता यावं यासाठी आधीपासून तयारी न करणं ही आपली दुबळीक ठरेल. तोवर जे चांगलं मिळतंय ते आनंदानं घ्यावं. माणसाला घेरणाऱ्या दुखण्यांवर दुसरं औषध नाही. एक तर माणसासारखं सोसायचं, नाही तर धैर्यानं आणि चटकन संपवायचं. वडिलांची सात वर्षं त्याच्या डोळ्यांपुढं असणारच.

७ सप्टेंबरला पत्र आलं: बोर्दोच्या महापौरपदी त्याची एकमतानं निवड झाली होती. वडिलांचंच पद. त्याला ते नको होतं, पण पुढं राजाचंही पत्र आलं आणि नकाराला जागा उरली नाही. तो रोमवरून परत फिरला आणि ३० नोव्हेंबरला घरी पोचला. प्रवास सतरा महिने आणि आठ दिवसांचा झाला, अशी मोजणी त्यानं स्वतः केली आहे. खडा बरोबर गेला होता, बरोबर परत आला.

चार वर्षं महापौरपद, मग बोर्दोत प्लेग, मग पुन्हा युद्ध. १५८८ साली तिसरा खंड निघाला आणि त्यातला शेवटचा निबंध अनुभवावर आहे. दहा वर्षं मुतखड्यासोबत काढलेला माणूस तो लिहितोय. त्याच्याजवळ एक युक्ती तयार झाली होती. आपली स्मरणशक्ती कच्ची, म्हणून आपण कागदाची स्मरणशक्ती बनवली, असं तो सांगतो. दुखण्यात काही नवं लक्षण दिसलं की चिठ्ठीवर टिपायचं. नवी कळ येऊन मन घाबरलं की त्या सुट्या चिठ्ठ्या चाळायच्या. आतापर्यंतच्या जवळजवळ प्रत्येक प्रसंगावर त्यांत काहीतरी दिलासा सापडतोच: असंच मागं झालं होतं, आणि ते निघून गेलं होतं. दीर्घ दुखणं असलेल्यांना वेदनेची रोजनिशी ठेवा असं आजचे डॉक्टर सांगतात तेव्हा यापेक्षा वेगळं काही सांगत नाहीत. कळेत सर्वांत जास्त छळते ती ही भीती, की आता हे थांबणारच नाही. तिच्यावर त्याचं औषध कागदी होतं, पण त्याच्यापुरतं ते लागू पडलं.

मनाला समजावण्याची त्याची रीतही तिथंच आहे. त्याचं मन त्याला सांगतं, की या वयात इमारत कुठं ना कुठं गळणारच. हे दुखणं निदान येतं तेव्हा येतं आणि जातं तेव्हा पुरतं जातं, मधले दिवस स्वच्छ सोडतं. घामानं थबथबून, फिकट पडून, थरथरत, ओकत असताना तू लोकांशी नेहमीच्या चेहऱ्यानं बोलतोस, नोकरांशी थट्टा करतोस, हे त्यांना दिसतं, आणि त्यांनी तुला धीराचा म्हटलं की तुला आवडतं. ही कबुली मला फार आवडते. सोसण्यात थोडा अभिमान असतो तो त्यानं लपवला नाही. कळ अंगात असताना आठ-दहा तास घोड्यावर बसून राहू शकतो, असंही तो लिहितो. आणि खडा पडल्यानंतरचा तो क्षण: अत्यंत वेदनेतून एकदम आरोग्याच्या उजेडात येणं, इतकं गोड दुसरं काही आहे का, असं तो विचारतो. बेड्या काढल्यावर सॉक्रेटिस पाय चोळत बसला आणि सुख-दुःख किती लागून लागून असतात यावर बोलला, त्याची आठवण तो इथं करतो. मुतखडा पडून गेलेल्या कुणालाही विचारा. त्या तासाभरात साधा गार वारा किती सुखाचा वाटतो हे ते सांगतील.

शेवटी त्याचा जीव खड्यानं घेतला नाही. १३ सप्टेंबर १५९२ रोजी, ५९व्या वर्षी, घशाच्या सुजेनं तो आपल्या गढीत वारला. शेवटचे काही दिवस त्याला बोलता येत नव्हतं.

प्रवासाची दैनंदिनी त्यानं कधी छापली नाही. १७७०मध्ये प्रुनी नावाचे धर्मगुरू पेरिगोरचा इतिहास लिहिण्यासाठी जुने कागद शोधत माँतेनच्या गढीवर आले, तेव्हा एका जुन्या पेटीत ती सापडली, सुरुवातीची पानं हरवलेली. १७७४मध्ये म्यूनिए द केर्लों यांनी ती पॅरिसला छापली. इटलीतली चित्रं, शिल्पं, विचारवंतांच्या भेटी यांची अपेक्षा धरून बसलेले वाचक पेल्यांचे हिशेब, खर, लघवीचा रंग वाचून नाराज झाले. मूळ हस्तलिखित राजाच्या ग्रंथालयात ठेवलं होतं. पुढं ते कुठं गेलं कळत नाही. केर्लोंनी दुखण्याच्या नोंदी न गाळता सगळं छापलं, म्हणूनच २४ ऑगस्टची ती सकाळ आज आपल्याला वाचता येते.